बस नेमकी आत्ताच कशी जाते?
थांब्यावर पोहोचावे तर बस नुकतीच गेलेली असते आणि याला फुटके नशीबच कारणीभूत आहे, असे बरेचजण म्हणतात. मला त्यात नशिबापेक्षा गणिताचा हात मोठा दिसतो. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडी नाक्याच्या कोंडीत अडकलेल्या बसगाड्या पुढे जोडीनेच येतात. समजा, दोघींत 2 मिनिटांचे अंतर राहिले आणि तिसरी 18 मिनिटांनी आली, तर दोन बसमधले सरासरी अंतर 10 मिनिटांचेच भरते; बस नेमाने दर 10 मिनिटांनी आल्या असत्या, तर सरासरी 5 मिनिटेच थांबावे लागले असते. परंतु वेळ न पाहता थांब्यावर येणारा माणूस दहापैकी नऊ वेळा त्या लांबलचक खंडातच सापडतो आणि सरासरी 8 मिनिटांहून अधिक ताटकळतो. त्यातून पहिली बस खच्चून भरलेली, मागची जवळजवळ रिकामी; आपण मात्र (मीसुद्धा) पहिलीच्याच दारात लोंबकळतो.