पल्सर १५० ला मागे ११०/८०-१७ टायर बसवावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या बजाज पल्सर १५० चा मागचा टायर आता बदलावाच लागणार आहे. तो मधोमध इतका सपाट झाला आहे की नक्षीच्या खाचा दोन्ही कडांनाच काय त्या स्पष्ट दिसतात. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे. परंतु गोव्यातील साखळी गावाहून चोर्ला घाटातून बेळगावला ये-जा करणाऱ्याने पावसाळ्यात तेवढ्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. डोंगरावरची तांबडी माती पावसाबरोबर रस्त्यावर उतरते आणि वळणावर गाडी कललेली असताना मागचे चाक हलकेच बाहेर सरकते.

कंपनीने दिलेले माप १००/९०-१७ (रुंदी १०० मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची) आहे. गॅरेजवाल्यांचा आग्रह १२०/८०-१७ घालण्याचा आहे, कारण त्यांच्या मते टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. मला हे पूर्णपणे पटत नाही. मापांवरून हिशेब केला, तर मूळ टायरचा व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर येतो आणि १२०/८० चा ६२४, म्हणजे चाक दोन टक्क्यांनी मोठे होऊन चढावर गाडीची ओढ थोडी कमी होणार. ११०/८०-१७ चा व्यास ६०८ येतो. हा फरक नगण्य आहे. अर्थात व्यास जुळला की काम झाले, असेही नाही. १३०/७०-१७ चा व्यास ६१४ म्हणजे मूळ मापाच्या आणखी जवळ आहे, तरीही तो या गाडीला घालणे मला चुकीचे वाटते. रिम अरुंद असली की रुंद टायरच्या कडा आत ओढल्या जातात, टायर मधोमध फुगतो आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले तीच रस्त्याला नीट टेकत नाही.

ज्यांनी याच गाडीला ११०/८० बसवला आहे, त्यांनी कृपया रिमवर कोरलेली रुंदी पाहून सांगावी. चेनच्या बाजूने टायर आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरून ठेवणारा दांडा) यांच्यामध्ये, दोघे बसलेले असतानाही, बोटभर जागा उरते का? पुढचा टायर जुन्याच मापाचा ठेवल्याने वळण घेताना गाडी जड वाटते का? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते. तेव्हा मापातील या बदलावरून तपासणीत किंवा विम्याच्या दाव्यात कोणाला अडचण आली असल्यास तेही अवश्य लिहावे.

मूळ मापातच, पण ओल्या रस्त्यावर अधिक चांगली पकड देणारा टायर कोणी वापरला असेल, तर त्याचे नाव सुचवावे. तसे झाल्यास माप बदलण्याचा विचार मी आनंदाने सोडून देईन. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत मागे सतत कोणीतरी बसलेले असते, त्यामुळे टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो ते सांगणारा क्रमांक) ५५ पेक्षा, म्हणजे २१८ किलोपेक्षा, कमी नसावा. खरेदी चवथीपूर्वी करायची आहे.