रडार गन आणि रडार डिटेक्टर: लांबचं आधी कुणाला दिसतं?

डॅलसकर
महिन्यातून एकदा आय-४५ महामार्गानं ह्यूस्टनला ताईकडे जातो. दोनशे चाळीसेक मैल, सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कुरणं, मर्यादा ताशी ७५ मैलांची आणि माझा पाय जड. मागच्या वर्षी चारशे डॉलर मोजून रडार डिटेक्टर घेतला, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडार गनची लहर ओळखून आधीच इशारा देणारा डबा. ऑफिसातल्या मंडळींनी वेड्यात काढलं: पोलिसांच्या यंत्रापुढं तुझं खेळणं काय टिकणार? म्हणून हा धागा. माझं म्हणणं, पल्ल्यात डिटेक्टर गनच्या पुढेच असतो, आणि त्यात कंपनीची हुशारी थोडी, निसर्गाचा नियम जास्त.

गावाकडं रात्रीच्या लायटीवर पाणी द्यायला गेलेल्यांना हे लगेच कळेल. बांधावरून कुणी बॅटरी घेऊन येत असेल तर तिचा उजेड आपल्याला दोन शेतं पलीकडून दिसतो. आपण त्याला दिसायचं तर तोच उजेड आपल्या अंगावर पडून परत त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचायला हवा. तोवर तो पार जवळ आलेला असतो. गनचं तेच. अंतर दुप्पट झालं की जाणारी लहर चौथाईवर येते, परतताना पुन्हा चौथाई, म्हणजे गनच्या हाती सोळावा हिस्सा. डिटेक्टरला परतीच्या प्रवासाशी देणंघेणं नाही. गनचा पल्ला दुप्पट करायचा तर सोळापट ताकद हवी, आणि बिचारीची ताकद असते काही डझन मिलिवॅट.

गेल्या महिन्यात कॉर्सिकानाच्या पुढे पडद्यावर ३४.७ (गिगाहर्ट्झ) उमटलं, म्हणजे के-ए बँड, पोलिसांच्या गनची एक लहरपट्टी. एक टिक, जरा थांबून दुसरी, मग घाईघाईत. पाय काढला. दीड मिनिटानं मधल्या गवताच्या पट्ट्यात उभी असलेली गस्तीची गाडी दिसली. दोन मैलांच्या आसपास झाले. त्या गनला माझी सेडान अर्ध्या-पाऊण मैलावर दिसली असेल तरी खूप. आता बोला.

लेझरवाला_नाना
बोलतो. हे गणित खरं, पण पोलिसानं बॅटरी चालू ठेवली असेल तर. तो बॅटरी बंद करून बांधाआड बसला असेल तर काय करशील?

माझ्याकडेही डिटेक्टर होता. ओहायोत, रात्री साडेअकराला, रस्त्यावर माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. यंत्र गप्प. आणि एकदम सगळे दिवे लाल, कानठळ्या बसवणारी बोंब. मी ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत मागे निळे-लाल दिवे. गन ‘होल्ड’वर होती, म्हणजे चालू पण लहर न सोडता गप्प, मी टप्प्यात आल्यावर त्यानं ट्रिगर दाबला. त्याला आकडा मिळायला सेकंदसुद्धा लागत नाही, मला नुसतं दचकायला दीड सेकंद लागतो. ८५च्या वेगात दीड सेकंदात गाडी जवळजवळ दोनशे फूट जाते. तुझे दोन मैल कुठे गेले?

डॅलसकर
नाना, रस्ता रिकामा होता म्हणून. पुढे गाड्या असतील तर तो त्यांच्यावरही ट्रिगर दाबतो ना? तेवढ्या क्षणापुरती टिक मला मैलभर मागे ऐकू येते. दोनदा टिक होऊन विझली की समजायचं, पुढे कुणाचा तरी बळी गेला. बाकी लोक ‘खोटा इशारा’ म्हणून सोडून देतात, मी नाही.

व्हर्जिनियाची_वहिनी
खोट्या इशाऱ्यांवरून आठवलं. आमच्या ह्यांनी मेरीलँडला असताना तो डबा घेतला होता. किराणा दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दाराजवळून गेलं की ओरडायचा, शेजारच्या लेनमधल्या एसयूव्हीचा ब्लाइंड स्पॉटचा सेन्सर दिसला की ओरडायचा. ती सगळी मंडळी २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पोलिसांच्या के बँडला खेटून. पल्ला वाढवा म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. कान जितका तिखट तितका तो नको ते जास्त ऐकणार. शेवटी ह्यांनी आवाजच बंद करून ठेवला, मग चारशे डॉलर कशाला घातले?

इकडे व्हर्जिनियात आलो आणि प्रश्नच मिटला, कारण इथे तो वापरायलाच बंदी आहे. शेजारी वॉशिंग्टन डीसीतही. आणि भाऊ, पल्ल्याची खरी गंमत तर इथे आहे: डिटेक्टर ऐकताना स्वतःही थोडी लहर बाहेर गळू देतो, आणि पोलिसांकडे ती गळती पकडणारं यंत्र असतं. तुम्ही बॅटरी शोधायला निघालात आणि तुमच्याच खिशात काजवा.

डॅलसकर
वहिनी, काजवा मान्य. नव्या यंत्रांची गळती पुष्कळ कमी केलेली असते, पण तुमच्या राज्याच्या सीमेवर मी तो उतरवून डिकीत टाकेन. टेक्सासात खासगी गाडीला परवानगी आहे. (ट्रकवाल्या मित्रांनो, मोठ्या व्यावसायिक गाड्यांना देशभर बंदी आहे, माझं ऐकून लावू नका.)

लेझरवाला_नाना
आणि माझ्या नावातलं लेझर विसरलास. रडारचा झोत बारा अंशांच्या आसपास पसरतो. हजार फुटांवर दोनशे फूट रुंद, सगळ्या लेन भिजवून वर कुंपणावरच्या गाईंना पुरेल एवढा. तो सांडतो म्हणून तुला लांबून वास येतो. लेझर गनचा झोत त्याच हजार फुटांवर जेमतेम तीन फूट. पोलीस नेम धरतो तो तुझ्या नंबरप्लेटवर, शेजारच्या गाडीला पत्ता लागत नाही. डिटेक्टर ‘लेझर’ म्हणून ओरडतो तेव्हा वेग मोजून झालेला असतो. वरातीमागून घोडं.

प्रा_बॅकबेंचर
दोघंही बरोबर आणि म्हणूनच वाद संपत नाही. पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा जरा नाक खुपसतो.

पहिलं, गनचा असा ठरलेला पल्ला नसतो. तो समोर काय येतंय त्यावर असतो. अठराचाकी ट्रकचं सपाट तोंड लहर भरभरून परतवतं, छोटी उतरत्या नाकाची कार फार कमी. त्यामुळे तीच गन ट्रकला लांबून पकडते आणि कारला जवळ येऊ देते. कधी पुढे कार आणि मागे वेगात ट्रक असेल तर आकडा ट्रकचा आणि पावती कारला, असंही होऊ शकतं. १९७९ साली मायामीत एका गननं ताडाच्या झाडाचा वेग ८६ मैल दाखवला होता, घराचा २८. झाडाला दंड झाल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं, डिटेक्टरचाही ठरलेला पल्ला नसतो. डॅलसकरांचे दोन मैल टेक्सासच्या ताटासारख्या जमिनीचे आहेत. पेनसिल्व्हेनियात चढ-वळणांवर तेच यंत्र हजार फुटांवर येईल. या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. वळणापलीकडची चाहूल लागते ती पाट्यांवरून, ट्रकांवरून आपटून आलेल्या उष्ट्या लहरींची.

तेव्हा यंत्राच्या खोक्यावर छापलेले मैल सोडा. गन सतत चालू असेल तर डिटेक्टर जिंकतो, जवळजवळ नेहमी. गन होल्डवर असेल तर तुमचा पल्ला म्हणजे तुम्ही आणि तुमच्या पुढच्या बळीच्या गाडीतलं अंतर. तो आकडा यंत्राचा नाही, रहदारीचा. नानांच्या रात्री तो शून्य होता, कितीही महागडं यंत्र लावलं असतं तरी.

डॅलसकर
सर, ‘यंत्राचा नाही’ हे अर्धंच. पुढची गाडी मैलभर लांब असेल तर तिच्यावर पडलेली क्षणभराची लहर ऐकायला कान तिखट लागतोच. स्वस्तातल्या यंत्राला ती ऐकूच येत नाही.

प्रा_बॅकबेंचर
तेवढं मागे घेतो.

सासवडचा_पाव्हणा
एक बाळबोध प्रश्न. ७५ची मर्यादा, ७५नं गेलं तर काय होतं? चारशे डॉलरही वाचतात.

डॅलसकर
पाव्हणं, मर्यादा ७०वरून एकाएकी ५५ होते अशा गावांतून एकदा जाऊन बघा. पाटी झाडाआड, गाडी पाटीआड. तिथं सुरक्षा कमी आणि गल्ला जास्त असतो.

सासवडचा_पाव्हणा
पण तुम्हाला टिक आली ती ७५च्या रस्त्यावर. तिथं झाड नव्हतं, कुरण होतं. तुम्हीच लिहिलंय.

कळंबोली_ते_किवळे
आमच्यासाठी कुणी अमेरिकेहून हा डबा आणत असाल तर नका आणू. आमच्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते आणि कमानींवर कॅमेरे. तुमचा डबा घाट उतरेपर्यंत शांत झोपेल आणि ई-चलान मोबाइलवर येईल.

बाकी आमच्याकडे साध्या दुपदरी रस्त्यावर याहून जुनं यंत्र आहे. समोरून येणारा ट्रकवाला दोनदा डिपर मारतो, की समजायचं पुढे ‘मामा’ उभे आहेत. के बँड नाही, के-ए नाही, लेझरलाही चालतं. पल्ला तीन-चार किलोमीटर सहज, आणि खर्च चहाचासुद्धा नाही.

लेझरवाला_नाना
घ्या! सगळ्यात लांबचा पल्ला डिपरचा निघाला.

डॅलसकर
हसा. शुक्रवारी रात्री ह्यूस्टनला निघतोय. रस्ता रिकामा असणार, हे आता डोक्यातून जाईना. नाना, तुम्हीही त्याच वीकेंडला डॅलसला येऊन पुढे ह्यूस्टनला जाणार होतात ना? मैलभर पुढे राहाल का?

लेझरवाला_नाना
म्हणजे बळी मी. चारशेतले दोनशे आधी पाठव, मग बघू.