शिकाऱ्याने पाडलेली छिद्रे: जुन्या विंचेस्टरचा दोष की तिचा इतिहास?

पेनसिल्व्हेनियाकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात येथील एका शेतकरी कुटुंबाच्या घरसामानाच्या लिलावात मी विंचेस्टरची १८९४ मॉडेलची लिव्हर-ॲक्शन (खालची तरफ ओढून काडतूस भरण्याची) रायफल घेतली. नळी २६ इंची आणि अष्टकोनी, काडतूस .३८-५५ चे, दस्त्याचा पोलादी तळ चंद्रकोरीसारखा आत वळलेला. फ्रेमवरची (नळी आणि दस्ता यांच्यामधल्या पोलादी भागावरची) निळी झिलई बहुतेक उडाली आहे आणि नळीवर सर्वत्र सारखी तपकिरी छटा चढली आहे. फ्रेमच्या डाव्या बाजूला मागे आटे पाडलेली दोन छिद्रे आहेत. तेथे कोण्या मालकाने बारीक भोकातून नेम धरण्याची पीप साइट बसवली असणार. ती आता नाही. दस्त्यावर चाकूने दोन अक्षरे कोरलेली आहेत.

एका जाणकाराने मला छिद्रे बुजवून, दस्ता घासून पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादावर निळी झिलई, करून घेण्याचा सल्ला दिला. तो मला मुळातच चुकीचा वाटतो. अशा रायफलीची पारख करताना पहिला प्रश्न ती किती चकाकते हा नसून, कारखान्यातून निघाली तेव्हाचे तिच्यात काय शिल्लक आहे हा असतो. फ्रेमच्या खालच्या अंगाला पुढे असलेला क्रमांक ३,५३,९९९ च्या आत असेल, तर वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात कारखान्याची मूळ नोंद सापडू शकते. माझ्या रायफलीच्या नोंदीचे तेथून पत्र आले असून त्यात काडतूस, नळीचा आकार आणि गोदामातून रवाना झाल्याची तारीख हे सारे जुळते. नळीवर आणि फ्रेमवर लंबवर्तुळातील 'डब्ल्यूपी' ही चाचणीची खूण नाही. ती १९०५ पासून मारली जाऊ लागली आणि ही रायफल त्यापूर्वीची आहे, त्यामुळे खूण नसणे हेच नळी मूळची असल्याच्या बाजूने बोलते. अष्टकोनाच्या कडा बोटाला लागतात, अक्षरे ठसठशीत आहेत आणि दस्त्याचे लाकूड धातूपेक्षा किंचित उंच आहे, म्हणजे त्यावर कोणी कानस वा पॉलिश कागद फिरवलेला नाही. हे सारे घालवून चमक विकत घ्यायची कशासाठी?

नाणेपारखी

ब्लूइंग करू नये, हे मान्य. परंतु छिद्रांना आपण 'इतिहास' म्हणत असाल, तर तेथे मी आपल्याशी सहमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या श्रेणींत प्राचीन शस्त्राला 'उत्तम' म्हणवून घेण्यासाठी ८० टक्क्यांहून अधिक मूळ झिलई लागते, त्याखालच्या 'चांगल्या' श्रेणीला ३० टक्क्यांहून अधिक. आणि दोन्हींत सुटे भाग सर्व मूळचे असावेत ही अट आहे. छिद्र पाडलेल्या फ्रेमचे पोलाद परत येत नाही. कोणत्या शिकाऱ्याने, कोणत्या साली, का पाडले, याचा कागद नसेल, तर ती केवळ जखम आहे. नामवंताच्या हातची रायफल असती आणि पुरावा असता, तर गोष्ट निराळी होती. भावनेची किंमत पुढचा ग्राहक देत नाही.

लोखंडकाम

मी दोघांच्याही विरुद्ध मत मांडतो. या मॉडेलच्या ७० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. दहा लाखावी १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आली होती, यावरून ती किती सर्वसामान्य वस्तू होती ते कळते. दुर्मिळ वस्तू मोडू नये हा नियम येथे लागू होत नाही. फ्रेमवर झिलई नसेल, तर घाम आणि दमट हवा तिला गंजवणारच. जुन्या पद्धतीने, कडा सांभाळून, काळजीपूर्वक केलेले काम रायफलीला आणखी शंभर वर्षे देते. मोडक्या वाड्याची डागडुजी आपण करतो, मग पोलादाची का करू नये?

पेनसिल्व्हेनियाकर

वाड्याची उपमा येथे बसत नाही, कारण वाड्याचे नवे तुळईचे लाकूड नवे म्हणून दिसते, तर रायफलीवरची नवी झिलई जुनी म्हणून विकली जाते. आज आपण प्रामाणिकपणे केलेले काम दुसऱ्या विक्रीत सांगितले जात नाही आणि तिसऱ्या विक्रीत कोणाला ठाऊकही नसते. शिवाय ब्लूइंगपूर्वी पॉलिश करावेच लागते, आणि पॉलिश म्हणजे पोलाद काढणे. कडा गोल होतात, स्क्रूच्या छिद्रांच्या तोंडाशी बशीसारखा खळगा पडतो, ठसे पुसट होतात. या खुणा सराईत नजरेला लगेच दिसतात आणि मग रायफल ना मूळची राहते, ना नवी. गंजासाठी पातळ तेल आणि मऊ कापड पुरेसे आहे.

अरण्यवाट

छिद्रांबद्दल एक गोष्ट अजून कोणी बोललेले नाही. या रायफलीतून रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून फ्रेमच्या माथ्यावर दुर्बीण बसवणे अवघड. नजर साथ देईनाशी झाली की शिकाऱ्याला बाजूची पीप साइट हाच सोयीचा मार्ग राहतो. वय वाढल्यावर नेम धरण्याची डोळ्याजवळची उघडी खाच धूसर होते, तेव्हा नळीच्या टोकावरची नेमाची माशी आणि हरीण यांच्याबरोबर ती तिसरी गोष्टही एकाच वेळी स्पष्ट दिसणे कठीण होते. पीप साइटमधून डोळा आपोआप मधोमध पाहतो. म्हणून मला ही छिद्रे जखम वाटत नाहीत. मालकाने नवी बंदूक घेण्याऐवजी हीच पुढे वापरली, असे त्यांतून दिसते. कागद नसला तरी वस्तू बोलते, आणि नाणेपारखी यांना एवढेच विचारावेसे वाटते की तिचे ऐकायचेच नसेल तर संग्रह कशाचा करायचा?

नाणेपारखी

आपले म्हणणे पटण्यासारखे आहे, तरी माझे मत किमतीबाबतचे होते आणि ते मी मागे घेत नाही. अशा रायफलीसाठी मी अछिद्र रायफलीइतके पैसे मोजणार नाही. मात्र छिद्रे बुजवण्याचा सल्ला मीही देणार नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालच्या पोलादाचा रंग बदलतो आणि मग ते लपवण्यासाठी सारी फ्रेम घासावी लागते. त्याऐवजी आट्यांच्या मापाचे दोन साधे, डोके नसलेले स्क्रू तेल लावून बसवावेत. ते उद्या काढता येतील, आणि आपल्याला कधी मूळची साइट मिळाली तर ती परत चढवता येईल.

पेनसिल्व्हेनियाकर

स्क्रू आज मागवतो. साइटचा शोधही सुरू ठेवतो. त्या कुटुंबाच्या लिलावात खिळेमोळ्यांचा एक डबा न विकला गेलेला पाहिला होता, तो त्यांच्याकडे अजून आहे का ते विचारतो.