फायबर बोटीच्या तळाची दुरुस्ती फसली, यार्डवाला दाद देत नाही. मदत हवी आहे

मंडळी, फायबरकामातल्या जाणकारांचा आणि ग्राहक आयोगाची पायरी चढलेल्यांचा सल्ला हवा आहे.

आम्ही बडोद्याचे. काका, त्यांचे दोन मित्र आणि मी अशी चौघांत मिळून १६ फुटी फायबरची बोट आहे, चांदोदला नर्मदेत ठेवतो. निव्वळ हौस, भाड्याने कधी दिली नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं तेव्हा ती घाटाच्या दगडांवर आपटली आणि पुढच्या बाजूला तळाला हातभर तडा गेला. भरूचकडच्या एका यार्डात दिली. कोटेशनवर लिहून घेतलं होतं: तड्याभोवतीचा खराब भाग काढणे, मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) थर देणे, वरून जेलकोट (बाहेरचा चकचकीत संरक्षक थर). शेवटचा हप्ता पाण्यात उतरवून पाहिल्यावर द्यायचा, हेही त्यावर आहे.

बोट अगदी नवरीसारखी सजून आली. पाण्यात टाकली आणि थोड्याच वेळात पायाखाली पाणी! बाहेर काढून नाण्याने ठोकत गेलो. इतर ठिकाणी टणटणीत आवाज, दुरुस्तीच्या जागी भद्द. पट्टीची कड नखाने उचलली जाते आणि खाली जुना जेलकोट तसाच चकाकतोय. म्हणजे ग्राइंडर लावलेलाच नाही. नवं रेझिन (काचतंतू बांधून ठेवणारा, नंतर घट्ट होणारा चिकट द्रव) जुन्या फायबरशी एकजीव होत नाही, खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून राहतं. म्हणून जेलकोट काढून, कडा जाडीच्या साधारण १२ पट रुंदीत उतरत्या घासून मग थर द्यायचे असतात, इतपत मला कळतं. आतून तर वेगळीच तऱ्हा. मेण नसलेलं रेझिन वरवर थोडं चिकट राहतं हे मान्य, पण इथे नख रुततं. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) कमी पडला असावा.

यार्डवाल्याचं म्हणणं, "तुम्हीच पुन्हा आपटली असेल. आधी बाकी भरा, मग बोट घेऊन या, बघू."

खरी अडचण पुढे आहे. दुसऱ्याकडून काम करवून घ्यायचं तर ही पट्टी घासून काढावी लागणार, म्हणजे पुरावाच गेला. आणि बोट पुन्हा त्याच्या ताब्यात दिली तर जुन्या बाकीसाठी अडकवून ठेवेल अशी धास्ती. कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. पण एकदा सोडलेली वस्तू फक्त दुरुस्तीसाठी परत आली, तर जुन्या पैशांसाठी अडवता येते का? वकील मंडळींनी सांगावं.

पट्टी काढण्याआधी तपासणीचा लेखी अहवाल कुणाकडून घ्यावा? बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फायबरच्या टाक्या करणारे आहेत, रेझिन त्यांना नक्की कळतं. पण टाकीवाल्याचा शब्द बोटीच्या बाबतीत आयोग मानेल का?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे बडोद्यातच, तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे, एवढं वाचलंय. बिल काकांच्या नावावर, पैसे चौघांचे. मग तक्रार एकट्या काकांनी करायची की चौघांनी? आधी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला) फोन करून काही हलतं, की थेट वकिलाची नोटीस बरी?

काका म्हणतात, "देऊन टाक पैसे, मिटव एकदाचं." मला मुळीच पटत नाही, पण त्यांचे मित्रही आता त्यांच्याच बाजूला झुकायला लागलेत. तेव्हा जरा लवकर सांगा.