मदत हवी आहे: बाबांना अ‍ॅझिथ्रोमायसिनची तिसरी गोळी द्यायची का?

मंडळी, मानेवाड्यातून लिहून राहिलो. बाबांना (वय 63, बीपीची गोळी चालू) सोमवारी सर्दी झाली, आधी पुतणी मग वहिनी मग बाबा असं घरभर फिरली. ताप दोन दिवस 100 च्या आसपास होता, आता नाही, पण खोकला सुरूच, रात्री ठसका लागला की उठूनच बसतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता अ‍ॅझिथ्रोमायसिन 500 या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची स्ट्रिप दिली, वर म्हणे "काका, तीन दिवसांत मोकळे". दोन गोळ्या झाल्या, खोकला जैसे थे, उलट कालपासून पोट बिघडलं, चारदा जाऊन आले.

आज स्ट्रिप उलटून पाहिली तर मागे लाल उभी रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही अशी गोळी. इतकी वर्षं हीच स्ट्रिप आणतो, कधी दिसली नाही. भाऊ म्हणते कोर्स पूर्ण करायचाच, नाहीतर जंतू हट्टी होतात. पण हे व्हायरल असेल तर मारायला जंतू आहेत कुठं? कफ पिवळा पडला म्हणून आईने छातीत उतरलं असं ठरवून टाकलं आणि सगळ्यांची संत्री बंद केली, डिसेंबरात, नागपुरात! तिसरी गोळी आज रात्रीची आहे.

प्रतिसाद: फार्मसिस्ट आहे म्हणून सांगते. ही गोळी बॅक्टेरियाच्या रायबोसोमला धरते, त्याचं प्रोटीन बनणं थांबतं. व्हायरसकडे रायबोसोम नसतोच, तो आपल्या पेशीतला वापरतो, म्हणून सर्दीवर ती ढिम्म. पिवळा रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो, व्हायरलमध्येही येतो. खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो. कोर्स पूर्ण करा हे डॉक्टरने तपासून लिहिलेल्या कोर्सबद्दल असतं हो, काउंटरवरून आणलेल्या नाही. तरी इथे विचारून ठरवू नका, रात्रीच्या आत डॉक्टरला फोन करा, बीपीच्या गोळीचं नावही सांगा, कारण अ‍ॅझिथ्रो काही औषधांसोबत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. ओआरएस सुरू ठेवा. दम लागला, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला किंवा उतरलेला ताप परत चढला तर थेट दवाखाना.

धागाकर्ता: फोन केला. तिसरी नको म्हणाले, उद्या छाती तपासायला बोलावलं. बीपीच्या गोळीचं नाव विचारलं तर घरात कोणालाच आठवेना, रिकामी स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यात शोधून राहिलो.