विषय: मधुमेह विभागातल्या नर्सेसनी एकत्र यायचं का?

नमस्कार मंडळी,

मी नुकतीच मधुमेह विभागात रुजू झालेय. आमच्याकडे मधुमेहाच्या नर्सचं वेगळं पद बंद करायचं घाटतंय. ‘हे काम वॉर्डातली कुणीही करेल,’ असं वरचे म्हणतात. पुढच्या बैठकीत काय मांडावं? आणि संघटनेत जाऊन खरंच उपयोग होतो का? जाणत्या ताईंनी सांगावं.

---

तुझी मेल वाचली आणि लगेच लिहायला बसले. तू सांभाळलेला एखादाच पेशंट बैठकीत नीट मांड. उदाहरणार्थ, साखर कधी खूप वर, कधी एकदम खाली, इन्सुलिनचा डोस वाढवत नेलेला. त्याच्या पोटावर बोटांनी चाचपलं तर कातडीखाली गाठ लागते. तिथे दुखत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं तिथेच टोचत आलाय, आणि त्या जागी इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. बरं, नुसतं ‘जागा बदला’ सांगून भागत नाही. चांगल्या जागी तोच डोस गेला तर साखर झपकन उतरू शकते. म्हणजे डॉक्टरांशी बोलून डोस कमी करायचा का ते ठरवायचं, आणि पुढचे काही दिवस साखर वरचेवर तपासायला लावायची.

एवढं सगळं होऊन फाइलमध्ये राहतं काय, तर ‘इन्सुलिन समजावून दिलं’. पद ठेवायचं की नाही हे ठरवणारे तेवढंच वाचतात. तेव्हा आजपासून नोंद ठेव: काय सापडलं, काय बदललं, किती वेळ गेला, नंतर साखर कशी राहिली. पेशंटची ओळख अर्थात वगळून.

संघटनेत जरूर जा. युरोपात ‘फेंड’ ही मधुमेहाच्या नर्सेसची संस्था १९९५ पासून आहे. अमेरिकेत ‘एडीसीईएस’ ही मधुमेहाची काळजी आणि शिक्षण देणाऱ्यांची संघटना आहे, तिच्यात आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्टही असतात. परिषदेला गेलीस तर आपापलं काम मांडणाऱ्यांच्या पोस्टरपाशी रेंगाळ. ‘तुमच्याकडे डोस कोण बदलतं, प्रोटोकॉल (कामाची ठरलेली पद्धत) बघायला मिळेल का,’ हे तिथेच मोकळेपणी विचारता येतं. दुसरीकडचा लेखी प्रोटोकॉल हातात असला की वरच्यांना ‘कुणीही करेल’ म्हणणं जड जातं. २०२० चा जागतिक मधुमेह दिन नर्सेसना वाहिलेला होता. मला फार आनंद झाला होता, पण गौरवाने पदं टिकत नाहीत, त्यासाठी वर्षभर मागे लागावं लागतं.

---

दोघींना नमस्कार. मी नर्स नाही, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीची आई आहे. साखर उतरली की वजनाप्रमाणे मोजून ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे आम्हाला नर्सनेच हाताला धरून शिकवलं. पहिल्या काही आठवड्यांत तिचा फोन नसता तर आमची झोपच उडाली असती. तेव्हा बैठकीआधी पेशंट आणि पालकांची पत्रं का गोळा करत नाही? मी माझं या रविवारी लिहून पाठवते. त्यात नेमकं काय असायला हवं तेवढं ताई, तुम्ही सांगा. इतर पालकांना मी विचारते.