प्रति: शोकात देव जवळ असतो का?

अपत्य गमावल्यावर प्रार्थनाच करवत नाही, म्हणजे आपला विश्वास सुटला असे समजावे काय, हा आपला प्रश्न वाचून मला पंडिता रमाबाईंची अखेरची वर्षे आठवली. आईवडील दुष्काळात गेले, १८८२ साली पती गेले आणि जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या भरवशावर केडगावच्या मुक्ती मिशनचे, म्हणजे रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या आश्रमाचे, पुढचे सारे सोडायचे होते, तीही गेली. तरीही मूळ भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्याचे आणि मिशनमधल्याच स्त्रियांनी छपाईचे खिळे जुळवून छापलेली मुद्रिते तपासण्याचे काम एप्रिल १९२२ मधील निधनापर्यंत त्यांनी सोडले नाही. त्यांना रडू आले नसेल, असे मी मुळीच म्हणणार नाही. शब्द सुचत नसतील, तर बायबलमधले तेविसावे स्तोत्र घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा आणि नुसते शेजारी बसा; माझ्या मते तीसुद्धा प्रार्थनाच आहे.